मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे

९ जानेवारी

दादा,

बाबा आज सकाळी गेले. मी साडेपाचला उठून पाणी तापत ठेवले. त्यांच्या खोलीतून खोकला ऐकू आला नाही म्हणून पावणेसहाला आत गेले. डॉक्टर साडेसातला आले. त्यांनी वेळ विचारली, मी पावणेसहा सांगितली, तीच त्यांनी कागदावर लिहिली. खरी वेळ कोणालाच माहीत नाही. दहापर्यंत शेजारचे जमले, तीनपर्यंत सगळे आटोपले. घरी येऊन अंघोळ केली, खोली झाडली, चादरी भिजत घातल्या. आता सहा वाजले आहेत.

तुला फोन लागला नाही. निरोप ठेवला, त्यावर तुझे उत्तर मिळाले: "कळलं. येणं जमणार नाही. काळजी घे." बावीस वर्षांत तू या घराशी फोनवर बोललेला नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्ता आई गेली तेव्हा तू पाठवलेल्या पाकिटावरचा आहे. बदलला असेल तर पत्र परत येईल.

सल्लागार बाई आल्या होत्या. खाण बंद झाल्यावर इथे स्थित्यंतर कार्यालय म्हणून एक उघडले आहे. कोळशावर जगणाऱ्या गावाने कोळशाशिवाय कसे जगायचे ते तिथे ठरवतात. बाई त्याच्या प्रमुख आणि मी तिथे कारकून. त्यांनी फुलांचे चक्र आणले होते, त्यावर कार्यालयाचे बोधचिन्ह, एक सूर्य आणि एक पान. बरोबर फोटोवाला होता. मी बाबांच्या उशाशी उभी होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, थोडं डावीकडे सरकता का? सूर्य झाकला जातोय."

मी सरकले.

बाबांचा थुंकायचा डबा अजून खाटेखाली आहे. दूध पावडरचा जुना डबा, तळाला राख. तो मी कधी धुतला नाही. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे द्यायचा त्या दिवाघरवाल्याची बायको रोज सकाळी येऊन धुवायची आणि त्या बदल्यात मी तिच्या मुलीला गणित शिकवते. आज गडबडीत तिलाही आठवण झाली नाही. झाकण लावलेले आहे तरी वास येतो.

शेवटचे दोन महिने बाबा माझ्याशी बोलत नव्हते. कारण आज लिहीत नाही.

मुकी

(तूच ठेवलेले नाव. इथे आता कोणी या नावाने हाक मारत नाही.)


१७ जानेवारी

दादा,

तुझे उत्तर नाही. मीही वाट पाहत नव्हते, पण आता तुझ्याकडे काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. काही गोष्टी तुला माहीत असलेल्याच आहेत. त्या अशासाठी लिहिते की हे पत्र उद्या कोणाला दाखवावे लागले तर त्यालाही कळावे.

खाणीच्या तीन नंबरच्या भागावर जे माळरान आहे, जिथे तू सायकल शिकलास, तिथे कौशल्य केंद्र बांधणार आहेत. तीन मजले, वर वसतिगृह. सौर पट्ट्या बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवणार. पहिल्या तुकडीत दीडशे मुलेमुली, त्यांची यादीही लागली आहे. दिवाघरवाल्याच्या मुलीचे नाव तिसरे आहे. गावात गेल्या तीन वर्षांत आलेली ही एकच खरी गोष्ट. बाकी टोप्या, पिशव्या आणि भाषणे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाया खणायचा आहे.

याची जनसुनावणी नोव्हेंबरात झाली. जुन्या कॅन्टीनला क्रीम रंग दिला होता, रंगाच्या वासाने डोके चढत होते. दारात प्रत्येकाला एक टोपी आणि दोन चिठ्ठ्या, पिवळी आशेची, गुलाबी भीतीची. आपापली आशा आणि भीती लिहून समोरच्या फळ्यावर चिकटवायची. चाळीस-चाळीस वर्षे जमिनीखाली काढलेली माणसे रांगेत उभी राहून चिठ्ठ्या चिकटवत होती. "भीती काय लिहिलीस रे?" "बायको." "आणि आशा?" "तिची बहीण." असे चालले होते. सल्लागार बाई त्या चिठ्ठ्या मोजून घेत होत्या.

बाबा उठले. माईकवाल्याने विचारले, "आजोबा, आशा की भीती?"

"काय?"

"चिठ्ठी कुठल्या रंगाची लावू तुमची?"

"चिठ्ठी ठेव खिशात. मी माहिती द्यायला आलोय."

माईक हातात घेऊन ते म्हणाले, "मी तीन नंबरच्या पाळीचा ओव्हरमन होतो, सगळी पाळी माझ्या हाताखाली. तुम्ही जिथं तीन मजले चढवताय, त्याच्याखाली चाळीस फुटांवर पोकळी आहे. नकाशात खांब दिसतील तुम्हाला. ते खांब सोललेले आहेत. मी उभा राहून सोलून घेतलेत. नकाशा खोटा आहे."

मागून कोणीतरी ओरडले, "म्हातारबा, कोळसा संपला! आता घरी बसून बटाटे सोला!"

सगळे हसले. बाबांनी काठी उलटी धरली आणि व्यासपीठाची फळी ठोकली. खाणीत छप्पर वाजवून बघायचे तशी, एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हणाले, "ऐका. कसं बद्द वाजतंय. छप्पर असं वाजलं की आम्ही माणसं बाहेर काढायचो. तुम्ही आत घालताय."

मग त्यांना ढास लागली आणि पुढे बोलता आले नाही. बाई म्हणाल्या, "आजोबांच्या भावना आपण सगळे समजून घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढे सगळे घडूनही कार्यालयाने इतिवृत्तात बाबांविषयी एकच ओळ लिहिली: "एका ज्येष्ठ नागरिकाने खाणीतील आपल्या आठवणी सांगितल्या. सभागृहाने टाळ्यांनी दाद दिली."

सोलणे म्हणजे काय ते तुला सांगायला नको. कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, त्यांच्यावर वरची जमीन तोललेली असते. तीन नंबर बंद करायचे ठरले तेव्हा महिन्याचा आकडा भरत नव्हता. वरून निरोप आला, आकडा भरा. बाबांच्या पाळीने मागे येता येता प्रत्येक खांब चारी बाजूंनी छिलला आणि मग तोंडाशी भिंत घातली. वर माळरान, गुरांशिवाय कोणी जात नव्हते, म्हणून बाबा गप्प राहिले. नकाशावर खांब अखंड राहिले, आणि जिथे खांब अखंड आहेत तिथे बांधण्याआधी जमिनीला भोके पाडून बघायची गरज नाही असा नियम आहे.

तो नकाशा सर्व्हे ऑफिसात तू काढलास. हे मला बाबांनी सुनावणीच्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगितले. म्हणाले, "पोराचा हात धरून काढून घेतला. एक ठेवून पण दिली." तू पुढच्याच महिन्यात का गेलास ते मला तेव्हा कळले. त्याआधी मी बावीस वर्षे असे समजत होते की तुला आमचा कंटाळा आला.

बाबांच्या पाळीतले बाकी कोणी राहिले नाही. आता तूच एक आहेस. अर्धे पान लिहून सही करून पाठव, की खांब सोलल्यानंतर तू नकाशात ते अखंड दाखवलेस. वीस फेब्रुवारीला पुढची बैठक आहे. त्याआधी मिळायला हवे.

मुकी


३० जानेवारी

दादा,

तुझे पत्र काल मिळाले. अक्षर बदललेले नाही.

तू लिहितोस की तुझे नाव कुठेही येता कामा नये, तुझी तिकडे नोकरी आहे, मुले आहेत, म्हातारा मेला, विषय मेला. समजले. त्याबद्दल काही म्हणायचे नाही.

पण शेवटी तू विचारले आहेस: "इतिवृत्त कार्यालयाने लिहिलं म्हणतेस. कार्यालयाला काय हात असतात? कोण लिहितं तिथं, मुके?"

मी लिहिते.

ती ओळ माझी आहे. मला कोणी सांगितले नव्हते. बाईंनी मसुदा वाचलासुद्धा नाही. त्यांना फक्त पिवळ्या चिठ्ठ्या गुलाबीपेक्षा जास्त आल्या का एवढेच हवे होते. माझी नेमणूक त्याच आठवड्यात वाढवून मिळायची होती, पण ते कारण मी मागाहून शोधले. स्वतःला सांगायला बरे असते.

मागच्या पत्रात ढास लागली एवढेच लिहिले. ढास लागली, मग ते रुमालात थुंकले. सगळे रुमालात पडले नाही. एक काळी तार हनुवटीवरून माईकवर आली. त्यांनी त्याच रुमालाने माईक पुसला आणि पुढच्या माणसाच्या हातात दिला. त्याने तो दोन बोटांनी धरून टोपीने पुसला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला. सल्लागार बाई हसतच होत्या, पण पाण्याची बाटली त्यांनी टेबलावरून ढकलत दिली, हातात दिली नाही.

आणि मला बाबांची किळस आली. बाईंची नाही, हसणाऱ्यांची नाही, बाबांची. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि मनात एवढेच होते की हे माझे वडील आहेत हे नवीन लोकांना कळू नये. लिहिताना त्यांचे नाव घालायचे असते, बोलणाऱ्या प्रत्येकाचे मी घातले आहे. बटाटे सोला म्हणणाऱ्या त्या बटाटेवाल्याचेसुद्धा. त्यांच्या जागी "एक ज्येष्ठ नागरिक" लिहिले. नावच घातले नाही तर माहिती कोणाची म्हणून लिहायची? म्हणून आठवणी.

आठ दिवसांनी त्यांनी प्रत मागितली. मला वाटले त्यांना वाचता येणार नाही. त्यांनी भिंग लावून सगळी अकरा पाने वाचली, त्याला दुपार गेली. मग विचारले, "हा कोण ज्येष्ठ नागरिक?"

मी म्हटले, "तुम्ही."

"आणि लिहिणारी तू."

"हो."

भिंग डबीत ठेवत म्हणाले, "आकडा भरलास ना. बरं झालं."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. चहा दिला की घेत, औषध दिले की घेत. दिवाघरवाल्याच्या बायकोशी बोलायचे. मी खोलीत गेले की भिंतीकडे बघत. मला बरे वाटायचे हेही लिहून टाकते. डब्याकडे बघायला लागू नये म्हणून मीही भिंतीकडेच बघायचे.

तू विचारलेस म्हणून लिहिले. नाहीतर लिहिले नसते.

मुकी


११ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कागदाशिवाय काही होते का ते बघायला आज जुन्या सर्व्हे ऑफिसात गेले. तिथे आता वारसा दालन करणार आहेत. तुमची उंच टेबले बाहेर व्हरांड्यात पडली आहेत आणि आत एक पुतळा आणून ठेवला आहे. खाणकामगार, हातात दिवा, तोंडावर हसू. दात पांढरे शुभ्र. असे दात मी या गावात पाहिलेले नाहीत. पुतळ्याच्या पायाशी रंगवाल्यांनी चहाचे कप ठेवले होते.

नकाशे कुठे आहेत म्हटल्यावर पहारेकरी म्हणाला, "कुठले, ते कापडाचे? संडासाशेजारच्या खोलीत. बघा, पण हात धुवा नंतर."

तीन तास लागले. एक, दोन, तीन, चार, सगळ्या भागांचे सापडले. मी ते फरशीवर शेजारी शेजारी पसरले. मला नकाशातले काही कळत नाही, पण एवढे दिसले: एक, दोन आणि चार नंबरच्या नकाशात एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. एखादा लांबट, एखाद्याचा कोपरा तुटलेला, एखादा तिरका. माणसांनी हाताने खणलेले असते, तसे. तीन नंबरच्या नकाशात सत्तेचाळीस खांब आहेत आणि सत्तेचाळीसही एका मापाचे. मी कागद कापून एकावर ठेवला आणि बाकी सगळ्यांवर ठेवून पाहिला. प्रत्येकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एकच बारीक खाच आहे, भाताच्या दाण्याएवढी.

तू एकच साचा कापून सगळे उमटवलेस. साच्याच्या कोपऱ्याला खाच राहिली होती.

ती मुद्दाम ठेवलीस की राहून गेली, हे मी विचारत नाही. खाणीत दोन खांब कधी सारखे नसतात हे तुला पहिल्या महिन्यात शिकवले असणार. तेवीस वर्षांचा होतास, गालावर बाबांची पाचही बोटे. रागाने केले असशील, कंटाळून केले असशील. पण बघणाऱ्याला दिसेल असे केले आहेस. इतकी वर्षे कोणी बघितले नाही, एवढेच.

खाली काढणाऱ्याची सही नाही. तपासले म्हणून बाबांची आहे. तेव्हा तुझे नाव कुठेही येणार नाही. काळजी करू नकोस.

हात दोनदा धुतले. तरी नखांत काळे राहिले.

मुकी


२१ फेब्रुवारी

दादा,

काल बैठक झाली.

तुला कार्यालयाच्या रीती माहीत नसतील. प्रत्येक बैठकीत पहिला विषय ठरलेला असतो, मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. अध्यक्ष एका दमात म्हणतात, "इतिवृत्त सर्वांना मिळालेले आहे हरकत नसल्यास कायम," आणि म्हणता म्हणताच पान उलटतात. मी सात वर्षे लिहिते आहे, खाणीच्या वेळची धरून. या विषयावर कोणी तोंड उघडलेले मी पाहिले नाही. एकदा कायम झाले की ते बदलता येत नाही. पुढे काही झाले तर तेच खरे धरतात.

अध्यक्षांनी पान उलटले. मी म्हटले, "हरकत आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मी बोलले हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

"कोणाची हरकत?"

"माझी."

"अहो बाई, तुम्ही तर लिहिणाऱ्या."

"म्हणूनच."

"लिहिणाऱ्याने हरकत घ्यायची सोय नाही."

"नाही असंही नियमात कुठे नाही. मी शोधलं."

मी उभी राहिले. बाबा जे बोलले ते, त्यांच्या नावासकट, मी चार ओळींत लिहून नेले होते. ते वाचले. नंतर वाचले की ही माहिती मी स्वतःहून वगळली, मला कोणी सांगितले नव्हते, आणि बोलणारे माझे वडील होते. थुंकण्याचे वाचले नाही. ते तुझ्याकडेच आहे.

सल्लागार बाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते, ते त्यांना केव्हाही आणता येते. म्हणाल्या, "ताईंनी नुकतेच वडील गमावले आहेत. अशा वेळी मनात अपराधाची भावना येणं नैसर्गिक आहे. आपण आधी दुखवट्याचा ठराव घेऊ या. आणि ताई, आपल्या कार्यालयात समुपदेशनाची सोय आहे, मोफत."

दुखवट्याचा ठराव मांडला गेला. त्याला अनुमोदन मिळाले. दोन मिनिटे सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते. कोणाच्या तरी खिशात फोन वाजला, गाणे पूर्ण वाजू दिले. मग सगळे बसले आणि अध्यक्ष म्हणाले, "विषय क्रमांक दोन."

मी बसले नाही. नकाशा उलगडून टेबलावर टाकला आणि माझा कापलेला कागद इंजिनियरच्या हातात दिला. म्हटले, "हा कुठल्याही खांबावर ठेवा. मग दुसऱ्यावर ठेवा."

तो पहिल्यांदा हसला. ठेवला. पाचसहा खांब झाल्यावर हसायचा थांबला. खिशातून भिंग काढून कोपरे बघू लागला. बाई म्हणाल्या, "याचा अर्थ काय होतो?" त्याने नकाशा आपल्याकडे ओढला.

तेव्हा घूस बोलला. तो तुला आठवेल, बोअरच्या यंत्रावरचा, जमिनीला भोके पाडतो म्हणून सगळे घूस म्हणायचे. आता म्हातारा झाला आहे, कामगारांच्या वतीने समितीवर बसतो आणि एरवी बिस्किटे खाऊन झोपतो. म्हणाला, "अध्यक्ष, वाद कशाला? तीन भोकांचं काम आहे. पोरगी खोटी निघाली तर समुपदेशन द्या. खरी निघाली तर दीडशे पोरं वाचली. माझं यंत्र गंजायच्या आत काय ते सांगा."

इंजिनियर भिंगातून मान वर न करता म्हणाला, "भोकं घ्यावी लागतील."

अध्यक्षांनी तीन भोकांना मान्यता दिली आणि सवयीने माझ्याकडे बघून म्हणाले, "नोंद घ्या."

मी नोंद घेतली. नावांसकट.

मुकी


६ मार्च

दादा,

भोके गेल्या आठवड्यात पाडली. नकाशावर जिथे खांबाचा कोपरा आहे अशा तीन जागा इंजिनियरने निवडल्या. अर्धा गाव माळरानावर जमला होता. पहिल्या भोकाला छत्तीस फुटांवर कोळसा लागला आणि लागतच राहिला. लोक माझ्याकडे बघून हसू लागले. बटाटेवाला म्हणाला, "बापाला मरतानाही खांब दिसत नव्हते वाटतं." दिवाघरवाल्याची बायको माझ्या शेजारी होती, तिने माझा दंड दाबला. मुलीचे केंद्र वाचले म्हणून.

दुसऱ्या भोकाला अडतीस फुटांवर रॉड सुटला. घूस ओरडला आणि मागे सरला. रॉड सात फूट एकदम खाली गेला. जिथे भरीव खांब हवा तिथे सात फूट काही नाही. वर काढला तेव्हा भोकातून वारा आला, गार आणि कुजका, अंडे नासल्यासारखा. लोकांनी नाके धरली. घूसने धरले नाही. तो भोकाशी ओणवा होऊन म्हणाला, "आहे बरं, ओव्हरमन खरं बोलला."

तिसरेही तसेच.

केंद्र आता इथे होणार नाही. बाकीच्या जमिनीही तपासायच्या म्हटल्यावर वर्ष सरेल, आणि मंजुरी या वर्षापुरतीच आहे. म्हणून ते शंभर किलोमीटरवरच्या गावाला दिले. यादीही तिकडचीच लागणार. हे मला ठाऊक होते. बैठकीत उभी राहिले तेव्हाही ठाऊक होते.

दिवाघरवाल्याची बायको काल दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "पोरीचं नाव तिसरं होतं. तिसरं! आधी तुझ्या बापानं जमिनीखालचं खाल्लं, आता तू वरचं खाल्लंस. पोट भरलं का?"

मी म्हटले, "इमारत खचली असती."

"कधी? उद्या? दहा वर्षांनी? आमचं आजच खचलं."

मुलगी गणिताला येत नाही. मी तिची वही नेऊन दिली, त्यांनी दार उघडले नाही, पायरीवर ठेवून आले.

आणि आज सकाळी कार्यालयात सल्लागार बाईंनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर नव्या अहवालाचे मुखपृष्ठ होते. नाव आहे "स्थानिक ज्ञानाचा सन्मान". आत लिहिले आहे की जनसुनावणीच्या अभिनव पद्धतीमुळे एका अनुभवी खाणकामगाराची माहिती पुढे आली आणि मोठी दुर्घटना टळली. पिवळ्या आणि गुलाबी चिठ्ठ्यांचा फोटो आहे. मुखपृष्ठावर बाबा. ते गेले त्या दिवशीचा, फुलांच्या चक्राजवळचा फोटो, मला कापून काढले आहे. सूर्य पूर्ण दिसतो.

बाई म्हणाल्या, "ताई, आजोबांचं पूर्ण नाव काय हो? खाली छापायचंय."

"इतिवृत्तात आहे," मी म्हटले. "वाचा."

त्या हसल्या. त्यांना वाटले मी विनोद केला. मग त्यांनी सांगितले की महिनाअखेरीनंतर इतिवृत्त ध्वनिमुद्रणावरून यंत्रच लिहिणार आहे, त्यामुळे माझी जागा राहणार नाही, पण माझ्या योगदानाची त्यांना कल्पना आहे. मला शिसारी आली, पण नवी नाही. जुनीच, ओळखीची. मी ते मुखपृष्ठ दोन बोटांनी धरून परत दिले आणि तसे धरताना मला माईक पुसणारा तो माणूस आठवला.

क्वार्टर जूनपर्यंत ठेवता येईल. पुढचे बघू. तुझ्याकडे यायचे म्हणून लिहीत नाही.

दुपारी घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. वास फार येऊ लागला म्हणून मध्येच ठेवून उठले. दिवाघरवाल्याची बायको कधीतरी येऊन धुवेल असे कालपर्यंत वाटत होते, म्हणून बाबांचा थुंकायचा डबा खाटेखाली तसाच राहिला होता. जानेवारीपासून आजपर्यंत. आता धुणारे कोणी नाही.

झाकण बसले होते, चमच्याच्या दांड्याने उचकटले. राख दगडासारखी घट्ट झाली होती आणि वर काळी साय. न्हाणीघरात नेऊन त्यात उकळते पाणी आणि सोडा टाकला, अर्धा तास ठेवला. ब्रश तळापर्यंत जाईना, म्हणून हात घातला. मला वाटले होते की एकदा हात घातला की काही वाटणार नाही. तसे होत नाही. किळस आली आणि शेवटपर्यंत येत राहिली. दोनदा बाहेर जाऊन आले. पहिले पाणी शाईसारखे निघाले, दुसरे करडे, तिसऱ्यातही कडेला बारीक काळे कण राहिले. ते नखाने काढले. चौथे पाणी स्वच्छ निघाले.

डबा पुसला नाही. पालथा घालून खिडकीत वाळत ठेवला आहे.